प्रश्न विचारून झाल्यावर



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा सोबत विषयही आला होता : माध्यमिक शिक्षकांची आध्यात्मिक बुद्धिमत्ता आणि अध्यापनाची परिणामकारकता. बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांमध्ये हा विषय अलीकडे वारंवार भेटतो. मी अकरा वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं आणि पुढची सगळी नोकरी अध्यापक महाविद्यालयात केली, त्यामुळे मला तो अनोळखी नाही. पण या पटांगणात उभं राहून प्रबंधाच्या भाषेत बोलायला मन धजेना. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. त्यांच्या तोंडून 'अध्यात्म' हा शब्द मी तीन वर्षांत एकदाही ऐकला नाही.

त्यांची एक सवय मात्र इथल्या पुष्कळांना आठवत असेल. प्रश्न विचारला की सर आमच्याकडे पाठ करायचे आणि फळा पुसायचे. फळ्यावर काही लिहिलेलं नसलं तरी पुसायचे. डस्टर वरून खाली, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग हात झटकून वळायचे आणि म्हणायचे, "हं, कोण सांगतंय?" आम्हाला वाटायचं, सरांना स्वच्छतेची फार आवड. त्या पुसण्याचा अर्थ मला कळायला तीस वर्षं लागली, आणि तो कळला एका वर्गाच्या मागच्या बाकावर बसून.

अध्यापक महाविद्यालयातल्या माणसाचं निम्मं आयुष्य मागच्या बाकावर जातं. छात्रशिक्षक पाठ घेतो, आपण निरीक्षणाचा तक्ता मांडीवर घेऊन बसतो. प्रस्तावना कशी झाली, हेतुकथन केलं का, फलकलेखन कसं आहे, प्रश्नांची मांडणी कशी आहे, यांना गुण द्यायचे. असे शेकडो पाठ पाहिल्यावर एके दिवशी मी तक्ता बाजूला ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. मला एवढंच पाहायचं होतं की प्रश्न विचारल्यावर हा मुलगा किती वेळ थांबतो. तो थांबतच नव्हता. प्रश्न, लगेच एका मुलाचं नाव, त्या मुलानं 'अं' म्हणेपर्यंत दुसऱ्याचं नाव, आणि मग स्वतःच उत्तर. वर्ग सुटला तेव्हा पाठ छान झाला असं सगळ्यांनी सांगितलं. चाळीस मिनिटांत त्यानं पन्नासेक प्रश्न विचारले होते.

हे पाहण्याची बुद्धी मला अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांच्यामुळे सुचली होती. त्यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली, आणि १९७४ साली ती मांडली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि मुलानं उत्तर दिल्यावर पुढचं बोलायलाही तेवढाच वेळ घेतात. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली, की वर्ग बदलायला लागतो. उत्तरं एका शब्दावरून वाक्यांवर येतात. 'माहीत नाही' कमी होतं. मुलं एकमेकांच्या उत्तरांवर बोलू लागतात, स्वतः प्रश्न विचारू लागतात. ज्यांची गणना शिक्षकानं मनातल्या मनात 'मागची मुलं' अशी केलेली असते, त्यांचे आवाज ऐकू येतात. रो यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि मला ती सगळ्यांत बोचते : शिक्षक हुशार मुलांसाठी अधिक थांबतात आणि ज्याला वेळाची खरी गरज आहे त्याच्यासाठी कमी.

मग मला सरांचा फळा आठवला. ते पुसत नव्हते, थांबत होते. आमच्याकडे पाठ यासाठी, की त्यांच्या नजरेचा दाब आमच्यावर पडू नये.

इथे तुम्ही विचाराल, यात अध्यात्म कुठे आलं? हे तर तंत्र झालं. मलाही तसंच वाटलं होतं. मी पुढच्याच वर्षी माझ्या छात्रशिक्षकांना ते तंत्र शिकवलं. सूक्ष्म अध्यापनात सराव घेतला. मनात एक-दोन-तीन मोजा, असं सांगितलं. सरावात सगळे थांबले. प्रत्यक्ष वर्गात गेल्यावर आठवड्याभरात सगळे पूर्वपदावर आले. हे मी एका तुकडीत पाहिलं नाही, वर्षानुवर्षं पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वी सापडलेली, फुकट असलेली, कुठलंही साधन न लागणारी गोष्ट आपल्या वर्गांमध्ये रुजत नाही, याचं कारण तंत्रात सापडत नाही. तीन सेकंद मोजता न येणारा पदवीधर कुठे असतो?

कारण त्या तीन सेकंदांत शिक्षकाच्या आत काय होतं, त्यात आहे. वर्ग गप्प झाला की त्याला भीती वाटते. पोरं हातातून निसटतील, ही एक भीती. माझा प्रश्नच चुकला असेल, ही दुसरी. मागे परीक्षक बसलेत. शेजारच्या वर्गातून शिकवण्याचा आवाज येतोय आणि माझ्या वर्गातून येत नाही, मुख्याध्यापक व्हरांड्यातून गेले तर काय म्हणतील? जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि अजून चार धडे बाकी. या सगळ्यांतून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे बोलणं. शिक्षक बोलतो तेव्हा पुष्कळदा तो मुलांना शिकवत नसतो, स्वतःला धीर देत असतो. बी.एड.ला फ्लँडर्सची आंतरक्रिया-विश्लेषणाची पद्धत सगळे शिकतात. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याची नोंद करायची, दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा 'शांतता किंवा गोंधळ'. शांतता आणि गोंधळ एकाच खणात! मी वर्षानुवर्षं हा तक्ता शिकवला आणि त्या दहाव्या खणाकडे कधी थबकून पाहिलं नाही. तिथे मूल विचार करतंय की वर्ग उधळलाय, हे त्या खणात कळत नाही. ज्याचं मन स्वतःच गोंधळलेलं आहे, त्या शिक्षकालाही ते कळत नाही.

त्या तीन सेकंदांत स्वतःची भीती, स्वतःची घाई, स्वतःची प्रतिमा बाजूला ठेवून समोरच्या मुलाला जागा करून देता येणं, याला मी शिक्षकाची आध्यात्मिक बुद्धिमत्ता म्हणतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

हा शब्दप्रयोग कुठून आला तेही थोडक्यात सांगतो. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी कसोटी केली, तेव्हापासून बुद्धी मोजण्याची परंपरा सुरू झाली. १९८३ साली हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धी एक नाही, अनेक आहेत असं मांडलं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं भावनिक बुद्धिमत्ता घराघरांत पोचवली. आणि २००० साली डाना झोहार आणि मानसोपचारतज्ज्ञ इयन मार्शल यांच्या पुस्तकानं आध्यात्मिक बुद्धिमत्तेला नाव मिळवून दिलं. आपण जे करतो त्याचा अर्थ काय, मोल काय, हे विचारण्याची आणि त्या उत्तरानुसार जगण्याची ताकद, अशी साधारण त्यांची कल्पना. रॉबर्ट एमन्स यांनी त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञांपुढे तिची बाजू मांडली आणि गार्डनर यांनी तिला जाहीर विरोध केला. त्यांचा आक्षेप असा की अनुभवाची तीव्रता म्हणजे बुद्धी नव्हे. जगण्यामरण्याचे मोठे प्रश्न हाताळण्याच्या क्षमतेचा त्यांनी विचार केला, पण तिला पूर्ण मान्यता दिली नाही. म्हणून त्यांच्या हिशेबात साडेआठ बुद्धी राहिल्या. मला त्यांचा सावधपणा आवडतो. शाळेच्या दृष्टीनं तिला बुद्धी म्हणा की वृत्ती म्हणा, फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते मोजणीत. कॅनडात डेव्हिड किंग यांनी २००८ मध्ये चोवीस विधानांची मापनपट्टी केली. आपल्याकडच्या संशोधनात तीच किंवा तिच्यासारखी पट्टी वापरली जाते. अस्तित्वाविषयीचा चिकित्सक विचार, आयुष्यात अर्थ शोधणं, स्वतःपलीकडच्या तत्त्वाची जाणीव आणि जाणिवेच्या वेगळ्या अवस्थांमध्ये जाता येणं, असे तिचे चार भाग. शिक्षकानं प्रत्येक विधान स्वतःला किती लागू पडतं ते शून्य ते चार या आकड्यांत सांगायचं. मग अध्यापनाच्या परिणामकारकतेची दुसरी प्रश्नावली, तीही पुष्कळदा त्याच शिक्षकानं भरायची. दोहोंचा सहसंबंध काढायचा. तो धन येतो. प्रबंध पूर्ण होतो.

मी स्वतः अशा प्रबंधांना मार्गदर्शन केलं आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार घेतो. एकच माणूस एकाच बैठकीत स्वतःविषयी दोनदा चांगलं बोलला, तर त्या दोन बोलण्यांत संबंध सापडणारच. त्यातून त्याच्या वर्गातल्या मुलांविषयी काही कळत नाही. शिवाय एक खोल अडचण आहे. ज्याच्या अंगी खरी नम्रता आहे तो स्वतःला चार देईल का? तो दोनवर थबकेल. 'मला जगण्याचा अर्थ गवसला आहे' या विधानापुढे बेधडक चार लिहिणाऱ्याला पट्टी पहिला क्रमांक देईल आणि आमच्या सरांना मागच्या बाकावर बसवेल.

याच ठिकाणी मला गीतेच्या तेराव्या अध्यायाकडे जावंसं वाटतं. तिथे ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा, सरळपणा, अशी ती यादी. गीतेनं ती पाच श्लोकांत संपवली. इ.स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानदेवांनी तिच्यावर शेकडो ओव्या खर्च केल्या. पहिल्या तीन शब्दांच्या सुरुवातीला 'अ' आहे, हे पाहा. मान नको असणं, ढोंग नसणं, इजा न करणं. म्हणजे लक्षणं सुरू होतात ती काय नाही त्यापासून. आणि त्याहून मोलाचं म्हणजे, आतली अहिंसा बाहेर कुठे दिसते हे ज्ञानदेव दाखवतात. माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, पाहतो कसा, हात कसा उचलतो. मनात काय आहे ते मनाला विचारत बसायचं नाही, पावलाला, वाणीला, नजरेला आणि हाताला विचारायचं. मला तरी याहून चांगला निरीक्षणाचा तक्ता माहीत नाही. शिक्षक वर्गात कसा शिरतो, मुलाच्या बाकाजवळ कसा जातो, चुकलेल्या उत्तराकडे कसा पाहतो, वही परत देताना ती ठेवतो की टाकतो.

ज्ञानदेवांचा आणखी एक शब्द शिक्षकांनी उचलावा असा आहे : अवधान. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे तेवढंच मागतात. आपण शाळेत अवधान मुलांकडून मागतो. 'लक्ष कुठेय तुझं?' हे वाक्य आपल्या वर्गांतून दिवसातून किती वेळा ऐकू येतं! शिक्षकानं मुलाला अवधान द्यायचं असतं, हे कुणी आम्हाला शिकवलं नाही.

मी ते कसं दिलं नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. हायस्कुलात माझ्या वर्गात एक मुलगी होती. बोलताना अडखळायची. 'क' आणि 'प'नं सुरू होणाऱ्या शब्दांशी तर तिची झटापट चालायची. मी वर्षभर तिला प्रश्न विचारला नाही. तिची फजिती होऊ नये, पोरांनी हसू नये, म्हणून. मनातून मला या समजूतदारपणाचं समाधानही होतं. शेवटच्या दिवशी ती शिक्षक-खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही मला वर्षभरात एकदाही उभं केलं नाही." हे वाक्य पूर्ण करायला तिला बराच वेळ लागला, आणि मला ते उभ्यानं ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा लक्षात आलं, की तिचं अडखळणं तिला सोसत होतं. मला सोसत नव्हतं. मी तिला वाचवत नव्हतो, स्वतःला वाचवत होतो. करुणा आणि स्वतःची अस्वस्थता टाळणं, या दोन गोष्टी आतून अगदी सारख्या वाटतात. त्या वेगळ्या ओळखता येणं, हे मी पुढे ज्यांना शिकवलं त्यांच्यात शोधत राहिलो.

माध्यमिक शाळेत हे अधिक लागतं, असं मला वाटतं. तेरा ते सोळा हे वय. पहिली-दुसरीतलं मूल बाईंवर सरळ जीव लावतं. नववीतलं मूल शिक्षकाला पारखतं. तुम्ही जे बोलता ते तुम्हाला खरं वाटतं का, हे त्याला लगेच कळतं. आणि याच वयात ते पहिल्यांदा मोठे प्रश्न विचारतं. मी कोण, माझं पुढे काय, हे सगळं कशासाठी. ते प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला हात वर करून विचारले जात नाहीत. ते वहीच्या मागच्या पानावर असतात, आणि कधी एखाद्या सकाळी वर्गात येऊन बसतात. अशी एक सकाळ मी पाहिली. पाठ निरीक्षणासाठी एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. आदल्या रात्री त्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी, कर्जापायी, स्वतःला संपवलं होतं. मुलगा अर्थात आला नव्हता. त्याची जागा रिकामी होती. माझी छात्रशिक्षिका, वय बावीस-तेवीस, कवितेच्या पाठाची तयारी करून आली होती, तक्ते घेऊन. तिनं ते टेबलावर ठेवले, व्यासपीठाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आज मला काय शिकवावं ते कळत नाहीये." आणि गप्प राहिली. किती वेळ, मी मोजलं नाही. मग एक मुलगा बोलला, की त्याच्या घरीही आई रात्री बाबांच्या खोलीत जाऊन पाहते. मग दुसरी मुलगी. तास संपेपर्यंत छात्रशिक्षिका फारसं काही बोलली नाही. तिनं कुणाला उपदेश केला नाही की कुणाला रडू नको म्हटलं नाही. मधल्या सुट्टीत तिनं चार मुलांना घेऊन त्या मुलाच्या घरी जाण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून मिळवली.

माझ्या मांडीवर तक्ता होता. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन. मी तो कोरा परत दिला आणि महाविद्यालयात जाऊन भांडलो, की या पाठाला गुण न देता तो पूर्ण झाल्याचं मान्य करा.

अध्यात्म आणि शाळा हे दोन शब्द जवळ आले की लोकांना परिपाठ आठवतो. प्रार्थना, सुविचार, हल्ली अनेक शाळांत दहा मिनिटं आनापान. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये २०१८ साली आनंदाचा तासही सुरू झाला होता. यांना माझा विरोध नाही. डोळे मिटून श्वासाकडे पाहिल्यानं पोरांना स्वस्थता लाभते, हे मी पाहिलं आहे. पण ती दहा मिनिटं संपवून पहिल्या तासाला त्याच मुलाला 'तुझ्या डोक्यात शेण भरलंय' म्हणणारा शिक्षकही मी पाहिला आहे. ध्यानाला बसता येणं आणि मुलापुढे थांबता येणं यांचा संबंध आपोआप जुळत नाही, तो जुळवावा लागतो.

साने गुरुजींनी तो जुळवला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरला आले. तिथे तत्त्वज्ञान मंदिर होतं, ग्रंथ होते, अभ्यासकांची संगत होती. तिथून उठून १९२४ साली ते त्याच गावातल्या हायस्कुलात शिक्षक झाले. मला हे उठणं महत्त्वाचं वाटतं. पुढे छात्रालयाची जबाबदारी आली, तर मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, पसरलेली अंथरुणं आवरायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून दैनिक काढायचे. मुलांसमोर जे लाज न वाटता बोलता आलं नसतं ते त्यांनी लिहून सांगितलं. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे शाळेत ते होते सहा वर्षं. त्यानंतर ते वीस वर्षं जगले. सत्याग्रही, लेखक, शेतकरी-कामगारांचे कार्यकर्ते, 'साधना'चे संपादक. तरी महाराष्ट्रानं त्यांना गुरुजीच म्हटलं. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं, तेव्हाही त्यांची नजर तीच होती : दाराबाहेर कोण राहिलंय?

गुरुजींचं नाव घेऊन इथेच थांबलो तर ते अर्धसत्य होईल. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःहून जगाचा निरोप घेतला. इतकं हळवं मन एकट्यानं किती वाहायचं? ही गोष्ट आपण भाषणांत गाळतो, मला ती गाळावीशी वाटत नाही. दुसऱ्याचं दुःख आत घेणाऱ्या माणसाला धरून ठेवणारी माणसं लागतात. शिक्षकाला तर रोज साठ-सत्तर मुलांचं आत घ्यावं लागतं, आणि आपण त्याच्याभोवती काय उभं केलं आहे?

कित्येक वर्षं माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ८,००० रुपये मानधन होतं. २०२३ मध्ये ते १८,००० झालं, आणि ते झालं तरी विनाअनुदानित शाळेतले शिक्षक अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहत उतारवयाकडे झुकतात. काही जण शाळा सुटल्यावर शेतात मजुरीला जातात, काही रिक्षा चालवतात. पट घटला की अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार. शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत म्हटलं, पण माहिती भरण्याचा ससेमिरा तर शिक्षणाच्याच नावानं येतो. आज ही लिंक, उद्या तो अहवाल, 'तात्काळ' असा शिक्का प्रत्येकावर. ज्या शिक्षकाच्या खिशातला फोन तासाला तीनदा थरथरतो, त्याला मी तीन सेकंद थांब म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून माझा या विषयातला सर्वांत मोठा धसका हा आहे, की आध्यात्मिक बुद्धिमत्ता हे शब्द शिक्षकाला गप्प बसवायला वापरले जातील. पगार नाही, पण तुमची अंतःप्रेरणा वाढवा. वर्गात ऐंशी मुलं आहेत, पण तुम्ही समाधानी राहा. एका दिवसाचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, समूहछायाचित्र. शिक्षकाचं आतलं बळ ही त्याची स्वतःची कमाई असते. शासनाला आणि संस्थाचालकांना ती त्याच्याकडून वसूल करता येणार नाही. त्यांनी वेळेवर पगार द्यावा, वर्गातली मुलं कमी करावीत, आणि तासाच्या वेळात निरोप धाडू नयेत. निरोप थांबवायला तर पैसेही लागत नाहीत.

आणि आम्हा अध्यापक महाविद्यालयांनी? आम्ही चोवीस विधानांची पट्टी काही वर्षं कपाटात ठेवावी. त्याऐवजी दोन शिक्षकांनी जोडी करून एकमेकांच्या वर्गात मागे बसावं, आठवड्यातून एक तास, आणि एवढंच लिहावं : प्रश्न कुणाला गेला, किती वेळ थांबला, उत्तर चुकलं तेव्हा चेहरा कसा झाला, कुणाशी आज एक शब्दही बोलणं झालं नाही. त्याला गुण नकोत. ती वही मुख्याध्यापकांकडे जायची नाही. दोघांनी चहा पिताना ती वाचायची, बस. मी निवृत्तीआधीची चार वर्षं हे करून घेतलं. थांबणं शिकवून जे टिकलं नव्हतं, ते अशा जोडीदाराच्या संगतीत बऱ्याच जणांचं टिकलं. सगळ्यांचं नाही. पण माणूस आपली भीती दुसऱ्याला सांगू शकला की ती वर्गात त्याला कमी दटावते, एवढं मी अनुभवानं सांगतो.

सर हे एकट्यानं करत होते, असं मला गेल्या महिन्यात कळलं. या व्याख्यानाची तयारी करत होतो तेव्हा सरांच्या मुलीनं त्यांच्या पाठटाचणाच्या वह्या मला पाहायला दिल्या. कापडी बांधणीच्या, कडा झिजलेल्या अकरा वह्या. त्यांत आमच्या नववीच्या वर्षाची वही होती. डाव्या बाजूला घटक, उदाहरणं, गृहपाठ, सरांच्या बारीक तिरक्या अक्षरात. आणि समासात रोज तीन-चार आकडे, पेन्सिलीनं. आधी वाटलं, उदाहरणांचे क्रमांक असतील. पण ते जुळेनात. मग हजेरीपटाची आठवण झाली. ज्या मुलांशी त्या दिवशी वर्गात बोलणं झालं नाही, त्यांचे ते हजेरी क्रमांक होते. दुसऱ्या दिवशी त्यातल्या ज्याच्याशी बोलणं झालं, त्या आकड्यावर बारीक रेघ मारलेली.

माझा क्रमांक १७ होता. मी पुढे बसायचो आणि हात वर करायचो, त्यामुळे तो त्या वहीत फक्त दोनदा आहे. सर्वांत जास्त वेळा आहे तो ४३. जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, दिवाळीनंतर. कधी एका आठवड्यात तीनदा. प्रत्येकावर रेघ आहे. फेब्रुवारीनंतर तो आकडा दिसत नाही, कदाचित त्यानं शाळा सोडली असेल. मी वर्षभर त्याच वर्गात बसलो. मी आठवून पाहिलं, गावातल्या तीन वर्गमित्रांना फोन करून विचारलं. ४३ नंबर कुणाचा होता, ते आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.